जॅकॅलिनला औषध जोडण्याआधी

अरे, डॉक्सोरुबिसिन या कर्करोगावरच्या औषधाचे जॅकॅलिन जोडलेले नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) करायची घाई कळते, पण आधी हे लेक्टिन, म्हणजे साखरेला चिकटणारं प्रथिन, नीट ओळखून घे. जॅकॅलिन म्हणजे आपल्या फणसाच्या आठळ्यांतलं प्रथिन. बऱ्याच कर्करोगपेशींवर उघडी पडलेली टी-अँटिजेन नावाची साखर ते पकडतं, म्हणून तर त्याची निवड. मात्र रक्तातल्या आयजीए१ या प्रतिपिंडालाही ते तितक्याच प्रेमाने चिकटतं! डिशमधल्या पेशींवर झकास दिसलेलं काम सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) घातल्यावर फसतं ते यामुळेच. सीरमसकट चाचणी पहिल्या महिन्यातच उरक.

ईडीसी या जोडणी घडवणाऱ्या रसायनाने लेक्टिन कणांना जोडताना ट्रिस बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) चुकूनही नको, त्यातला अमाइन गटच जोडणीची जागा खाऊन टाकतो. मी त्यात आठवडा घालवलाय. जोडणी झाली की तांबड्या पेशींवर टाकून बघ: गोल तळाच्या प्लेटमध्ये पेशी एकमेकींना बांधल्या जाऊन पसरट चादरीसारख्या राहिल्या तर लेक्टिन जिवंत, तळाशी लाल टिकली जमली तर त्याची साखर पकडायची जागा बहुधा झाकली गेलीय.

आणि मेलिबायोज (जॅकॅलिनची पकड अडवणारी साखर) घातलेला कंट्रोल, म्हणजे तुलनेची चाचणी, हवाच. साखर घालूनही कण पेशींत तितकेच शिरत असतील, तर त्यात लेक्टिनचं कर्तृत्व काही नाही. ४ अंशांवर नुसतं चिकटणं, ३७ वर आत शिरणं, दोन्ही वेगळं मोज.