लिंबू पिळल्याने मासा शिजत नाही

प्रश्न: मुलगा नोकरीनिमित्त थायलंडमध्ये खोन केनला असतो. तिथे तो मित्रांबरोबर लिंबू पिळलेला कच्चा मासा खातो. मित्र म्हणतात, मधूनमधून जंताची गोळी घेतली की झालं. या माशाने पित्तनलिकेचा कॅन्सर होतो, हे खरं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर: खरं आहे. ओपिस्थॉर्किस विव्हेरिनी हा यकृतातला पर्णकृमी माणसात कॅन्सर घडवतो, हे १९९४पासून अधिकृतपणे मान्य आहे. खोन केन ज्या इसान भागात येतं, तिथे या कॅन्सरचं प्रमाण जगात सर्वाधिक आहे.

तिथल्या 'कोय प्ला'त तळ्यानदीतला मासा बारीक चिरून वर लिंबू, मिरची घालतात. आंबटाने मांस पांढरं पडतं, शिजल्यासारखं दिसतं; पण आतली कृमीची पुटी, म्हणजे कवचातली अळी, जिवंतच राहते. ती आतड्यात उघडते, कृमी पित्तनलिकेत शिरतो आणि दहा-दहा वर्षं तिथे राहतो. नलिकेचं अस्तर सतत सुजतं. कॅन्सर बहुधा काही दशकांनी उमटतो, म्हणून तरुणपणी काहीच जाणवत नाही.

औषध म्हणजे प्राझिक्वान्टेल, तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. नेहमीचा डोस किलोमागे २५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, दोन दिवस. साठ किलोच्या माणसाला एका वेळी १५०० मिलिग्रॅम, म्हणजे ६००च्या अडीच गोळ्या. जंतांसाठी नेहमी घेतात त्या अल्बेंडाझोलच्या एका गोळीवर विसंबू नये. प्राझिक्वान्टेल कृमी मारतं, पण पुढच्या ताटापासून वाचवत नाही. गोळी घ्यायची आणि पुन्हा कच्चं खायचं, हा सर्वांत वाईट मार्ग. वारंवारच्या संसर्गाने नलिका पुन्हापुन्हा सुजते.

शौचाची तपासणी कच्चा मासा खाल्ल्यावर लगेच करू नये. अंडी दिसायला साधारण चार आठवडे लागतात. संसर्ग हलका असेल तर एका नमुन्यात सुटूही शकतो, तेव्हा दोन-तीन नमुने द्यावेत. बरीच वर्षं असं खाणं झालं असेल, तर पोटाची सोनोग्राफीही डॉक्टरांना विचारून करावी. डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढुरकं, अंगाला खाज असं झालं तर एक दिवसही थांबू नये.

मासा आतपर्यंत ६३ अंशांवर तापायला हवा. उणे २० अंशांवर सलग सात दिवस गोठवूनही पुटी मरते, पण घरच्या फ्रीजरवर भिस्त नको. थोडेच दिवस आंबवलेला 'प्ला सोम'ही कच्चाच समजावा.

प्रश्न: मेंढीच्या कलेजीत पानासारखे किडे निघाले. तेच हे का? – एक वाचक, सांगली

उत्तर: नाही. तो फॅसिओला, यकृतातलाच पण वेगळा पर्णकृमी. त्याचा संसर्ग पाणथळ जागेतली कच्ची भाजी आणि दूषित पाण्यातून होतो. माणसात त्याने कॅन्सर होतो, असं सिद्ध झालेलं नाही. ती कलेजी मात्र टाकून द्या आणि कळपाला पशुवैद्यांकडून औषध पाजून घ्या.