सलाईन तेवढं लावू देऊ नका

ताई, वडिलांचं हृदय कमजोर होऊन अंगात पाणी साठतंय, तरी बेळगावला ॲडमिट न करता खानापुरात घरीच लॅसिक्सची (लघवीवाटे पाणी काढणाऱ्या औषधाची) इंजेक्शनं द्यायचं ठरलंय, जमेल का, असं तुम्ही विचारलंय. आमचं घरही या फेऱ्यातून गेलंय. मी डॉक्टर नव्हे. डोस डॉक्टरांनीच ठरवायचा.

मीठ, उशा, पथ्य तुम्हाला ठाऊकच असेल. आम्हाला महागात पडली ती एक बाटली. दोन दिवस भरपूर लघवी झाली की माणूस गळतो. मग घरातलंच कुणीतरी म्हणतं, "अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावून आणूया." जवळच्या दवाखान्यानं हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्डसुद्धा न बघता लावलं. अर्ध्या लिटर नॉर्मल सलाईनमध्ये 4.5 ग्रॅम मीठ असतं. धडधाकट माणसाचं दिवसाचं मीठ, तेही थेट शिरेत! केलेल्या कामावर पाणी फिरतं, आणि तेही खारं. ओआरएसचंही तेच. गळाल्यासारखं वाटलं तर आधी बीपी आणि रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) बघा. गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅकची गोळी तर नकोच, त्यानं मूत्रपिंडं पाणी सोडत नाहीत.

गोळी असताना इंजेक्शन कशाला, असं घरचे विचारतील. सूज आतड्यालाही येते, गोळी नीट शोषली जात नाही. शिरेतल्या इंजेक्शनचा जोर अर्ध्या तासात येतो, दोनेक तासांत ओसरतो. लघवी खुणा असलेल्या भांड्यात मोजा. पहिले सहा तास ताशी 100 मिली तरी हवी. कमी झाली तर तेव्हाच फोन करा, उद्याच्या फेरीची वाट बघू नका. सिस्टर भराभर ढकलत असतील तर हळू द्यायला सांगा, कान वाजायला लागतात.

वजनकाटा फरशीवरच ठेवा. सारवलेल्या जमिनीवर नाहीतर चटईवर तो काहीही दाखवतो. सकाळी लघवीनंतर, चहाच्या आधी वजन करा. सूज उतरल्यावरचं वजन डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. बहुतेक कार्डांवर ते नसतंच, मग थांबायचं कुठं?

बसल्या जागी ऑक्सिजन 90च्या खाली, वरचं बीपी 90च्या खाली, छातीत दुखणं, असंबद्ध बोलणं, गुलाबी फेस: यातलं एक जरी दिसलं तरी सरळ 108.

पावसात तिकडं लाईट जातेच. घरी कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन) असेल तर तो छोट्या इन्व्हर्टरवर फार वेळ टिकत नाही, म्हणून भरलेला ऑक्सिजन सिलिंडर जवळ ठेवा. त्याची चावी त्यालाच दोरीनं बांधा, अंधारात सापडत नाही.