७४ स्लाइड्स आणि एक गाठ

प्रिय,

अनेक आशीर्वाद. गाठींच्या गणितावरच्या तुझ्या व्याख्यानाची फाइल काल रात्री बघितली. ५० मिनिटांच्या व्याख्यानाला ७४ स्लाइड्स! पहिल्या २१ नुसत्या व्याख्यांच्या, आणि तुझं स्वतःचं प्रमेय येतं ५८ नंबरला. तोवर मागच्या रांगेतले मोबाइल काढून बसलेले असतील, आणि पुढच्या रांगेतली सभ्य मंडळी डोळे उघडे ठेवून झोपलेली असतील.

रागावले नाहीये. माझं पहिलं व्याख्यान याहून वाईट झालं होतं. तेही नॉट ग्रुपवरच, म्हणजे गाठीभोवती घेता येणाऱ्या फेऱ्यांच्या ग्रुपवर. अर्धा तास मी व्याख्यांनी फळा भरत होते, पुसत होते, परत भरत होते. शेवटी एका वयस्कर गृहस्थांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "हे ट्रेफॉइलला लावलं तर काय मिळतं?" मला सांगता येईना. सर्वसाधारण सिद्धता तोंडपाठ होती, पण सगळ्यांत साध्या गाठीचं उत्तर मी कधी काढूनच बघितलं नव्हतं. परतीच्या एसटीत तिकिटाच्या मागे काढलं. पाच ओळींत आलं.

म्हणून पहिलं काम हे कर: त्या ७४ स्लाइड्स बाजूला ठेव आणि ट्रेफॉइलपासून सुरुवात कर. फळ्यावर ती गाठ काढ, दोऱ्याची टोकं जोडलेली. जिथे धागा धाग्यावरून जातो तो छेद, आणि खालचा धागा तिथे तुटलेला दाखवायचा. तीन तुकडे, तीन छेद. प्रत्येक तुकड्याला ०, १ किंवा २ यांपैकी एक आकडा द्यायचा. अट एवढीच की प्रत्येक छेदापाशी भेटणाऱ्या तीन आकड्यांच्या बेरजेला ३ ने भाग गेला पाहिजे. म्हणजे तिन्ही सारखे, नाहीतर तिन्ही वेगळे. ट्रेफॉइलच्या तिन्ही छेदांवर तेच तीन तुकडे भेटतात, त्यामुळे अट एकच उरते आणि आकडे द्यायच्या ९ रीती मिळतात. साध्या वर्तुळाला मिळतात ३. दोरा न तोडता गाठ कितीही ओढली-ढकलली तरी ही संख्या बदलत नाही, म्हणून ट्रेफॉइल सुटत नाही. संख्या बदलत नाही हे पटवायला राइडेमाइस्टरच्या तिन्ही हालचाली (गाठीची आकृती बदलायच्या मूळ रीती) तपासत बसू नकोस. दुसरी तेवढी दाखव: 'अ' या तुकड्यावरून 'क' ओढून घेतला, तर 'अ'चा मधला भाग होतो २क − अ (३ ने भागून उरणाऱ्या बाकीत आपली अट हेच सांगते), आणि पलीकडे बाहेर पडताना २क − (२क − अ), म्हणजे पुन्हा 'अ'. दोनदा उलटलं की होतं तसं. बाकीच्या दोन घरी करून बघा म्हण. ज्यांना करायच्या आहेत ते करतात.

दहा मिनिटं झाली. अजून एकही व्याख्या सांगितलेली नाही आणि खोलीतल्या प्रत्येकाला, अगदी नंबर थिअरीवाल्यांनासुद्धा, एक खरं प्रमेय कळलेलं आहे. आता ग्रुप आण. कुठल्याही गाठीभोवतीच्या अवकाशाची पहिली होमॉलॉजी (भोकं मोजायचं ढोबळ माप) पूर्णांकांचीच असते, गाठ कितीही गुंतागुंतीची असो. तिथे होमॉलॉजी हात टेकते, म्हणून त्या अवकाशाचा मूलभूत ग्रुप, म्हणजेच नॉट ग्रुप, लागतो. आणि ते ०, १, २ म्हणजे तीन वस्तूंमधल्या तीन अदलाबदली. ट्रेफॉइलचा ग्रुप एस-थ्रीवर (तीन वस्तूंच्या सहा मांडण्यांच्या ग्रुपवर) जातो, एस-थ्री अक्रमनिरपेक्ष आहे, म्हणजे तिथे क्रम बदलला की उत्तर बदलू शकतं, वर्तुळाचा ग्रुप मात्र नुसता पूर्णांकांचा. ज्यांनी मघाशी आकडे भरले, त्यांना होमोमॉर्फिझम (एका ग्रुपमधून दुसऱ्यात गुणाकार जपून जाणं) हा शब्द इथे ओळखीचा वाटेल.

आणि मग त्याच खेळात चार छेदांची फिगर-एट गाठ टाक. रीती फक्त ३. वर्तुळाइतक्याच! हत्यार बोथट निघालं. इथे थांब, खरोखर थांब, मनात पाचपर्यंत मोज. कुणीतरी विचारेलच, मग ती सुटते का? आता आकडे ० ते ४ घे, अट कर की वरून जाणाऱ्या तुकड्याची दुप्पट ही खालच्या दोघांच्या बेरजेइतकी, ५ ने भागून उरणाऱ्या बाकीत. फिगर-एटला २५ रीती मिळतात, वर्तुळाला ५. ३ ऐवजी ५ घेतल्यावर जमलं, मग दुसरे कुठले सांत (मोजक्या घटकांचे) ग्रुप घेतले तर काय काय दिसेल? हाच तुझ्या प्रबंधाचा प्रश्न ना? तो तू ५८व्या स्लाइडपर्यंत दडवून ठेवला होतास.

तुझी तक्रार मला ऐकू येतेय: "मॅडम, मग लेमा ४.३चं काय?" त्या मदतनीस प्रमेयावर तुझी आठ महिन्यांची मेहनत आहे, मला माहीत आहे. तो प्रबंधात राहू दे. वाचणाऱ्याला मागचं पान उलटता येतं, ऐकणाऱ्याला येत नाही. १९०० साली पॅरिसमध्ये गणितज्ञ हिल्बर्टकडे न सुटलेले २३ प्रश्न होते. उभं राहून बोलला तो १० वर. बाकीचे छापून आले आणि कुणी त्यांना कमी लेखलं नाही. रीमानचं तर त्याहून भारी. शिकवण्याचा परवाना मिळवायला त्याने तीन विषय दिले होते, आणि गाउसने नेमका तिसरा उचलला, ज्याची तयारी सगळ्यांत कमी होती. १० जून १८५४ला गटिंगेनमध्ये तो बोलला, समोर गणिताबाहेरचेही प्राध्यापक होते, म्हणून सूत्रं जवळपास टाळलीच. आज आपण मॅनिफोल्ड (कितीही मितींचा, वक्र असू शकणारा अवकाश) म्हणतो त्याचं मूळ त्या व्याख्यानात आहे. छापून आलं ते १८६८ला, तो गेल्यानंतर.

फळ्याबद्दल दोन गोष्टी. गाठ काढताना पहिल्यापासून फटी सोडत जाऊ नकोस, हमखास चुकतं. आधी अखंड रेष काढ, मग प्रत्येक छेदापाशी खालून जाणारा धागा बोटाने जरासा पूस. वर-खाली, वर-खाली असं म्हणत. आणि लाल-निळे खडू घरी ठेव, हिरव्या फळ्यावर मागून काही म्हणजे काही दिसत नाही. म्हणून तर रंगांऐवजी आकडे सांगितले. प्रमेय उजव्या कोपऱ्यात लिही आणि शेवटपर्यंत पुसू नकोस. स्लाइड्स हव्याच असतील तर बारा. पंधरासुद्धा नाही.

इंग्रजीची धास्ती तू लिहिली नाहीस, पण तुझ्या स्लाइड्सवर ती दिसते: पूर्ण परिच्छेद लिहिलेत, वाचून दाखवायला. मीही मराठी शाळेतलीच. आधी सगळं मराठीत बोलून बघ, रूममेटला पकडून. जिथे मराठीत अडखळशील तिथे भाषा नाही, गणित कच्चं आहे. मग इंग्रजीत पहिली चार वाक्यं तेवढी पाठ कर.

प्रश्नांचं फार मनावर घेऊ नकोस. येत नसेल तर "माहीत नाही, बघून कळवतो" म्हण आणि खरोखर कळव. ४५ मिनिटांना थांब. वेळेआधी संपलं म्हणून आजवर कुणी तक्रार केलेली मी ऐकलेली नाही.

मंगळवारी दुपारी चारनंतर वरच्या मजल्यावरची छोटी खोली रिकामी असते. तिथे ये, लॅपटॉप न घेता. सुतळी आणि सेलोटेप मी आणते, खडू तू आण.

तुझी,
मॅडम