‘टार्गेट इज बिझी’ म्हणजे नक्की कोण बिझी?

प्रश्न: ताई नमस्कार. मी विक्रोळीला राहतो, वय ६४, सोसायटीचा हिशोब माझ्याकडे असतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, माझ्या जुन्या लॅपटॉपवर ११ काही चढेना, म्हणून भाच्याने विंडोजच्या जागी उबंटू ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकून दिली आणि वर म्हणाला, मामा टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, शिकून घ्या, पटापट कामं होतात. परवा मेंटेनन्सची बिलं झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट करून आणायची होती म्हणून पेनड्राइव्ह काढायला ‘यूमाउंट’ टाइप केलं तर ‘टार्गेट इज बिझी’. अहो, मी सगळ्या फाइली बंद केल्या होत्या! भाच्याला फोन लावला तर तो लोकलमध्ये, ओरडून म्हणतो मॅन पेज, म्हणजे त्या कमांडच्या माहितीचं पान, बघा. बघितलं. नुसतं इंग्रजी, खाली जाता संपेना, आणि त्यातून बाहेर कसं पडायचं तेच कळेना, शेवटी वैतागून ती खिडकीच बंद केली. मग माऊसने इजेक्ट दाबलं तर पेनड्राइव्ह मुकाट निघाला! हे असं का झालं, आणि हे लोक आमच्यासारख्यांना कळेल असं का लिहीत नाहीत?

उत्तर: काका, आधी बाहेर पडायचं सांगते, ‘क्यू’ दाबायचं. एवढंच. पानात एखादा शब्द शोधायचा तर तिरकी रेघ, म्हणजे स्लॅश टाइप करून पुढे शब्द आणि एंटर.

आता बिझी कोण होतं, तर तुमचं टर्मिनलच! तुम्ही बिलं बघायला ‘सीडी’ (फोल्डर बदलायची कमांड) करून पेनड्राइव्हच्या फोल्डरात शिरला असणार आणि तिथेच उभं राहून पेनड्राइव्ह काढायला सांगत होतात. खिडकी बंद केलीत, टर्मिनल तिथून उठलं, पेनड्राइव्ह मोकळा. पुढच्या वेळी नुसतं ‘सीडी’ टाइप करून एंटर मारा, की तुम्ही आपल्या होम फोल्डरात परत, मग यूमाउंट करा.

आणि खरी चिडचिड होईल अशी गोष्ट पुढे आहे. हे कारण त्या मॅन पेजमध्ये लिहिलेलं आहे हो! तिथे म्हटलंय की फाइल उघडी असेल किंवा एखाद्या प्रोसेसची वर्किंग डिरेक्टरी तिथे असेल तर फाइल सिस्टिम, म्हणजे इथे तुमचा पेनड्राइव्ह, बिझी असते. एक अक्षर चुकीचं नाही. पण प्रोसेस म्हणजे समोरची ती काळी खिडकी आणि वर्किंग डिरेक्टरी म्हणजे आपण आत्ता उभे आहोत ते फोल्डर, हे ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच ते वाक्य कळतं, आणि ज्याला माहीत आहे तो मुळात अडकतच नाही. उबंटू ज्या जुन्या युनिक्स सिस्टिमच्या वळणावर गेलंय, त्या युनिक्सचं पहिलं मॅन्युअल नोव्हेंबर १९७१ चं, अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेतलं, वाचणारे सगळे प्रोग्रामरच, तेव्हा ते तसं चालून गेलं (त्यात ‘बग्ज’ नावाचा भाग असायचा, आपल्याच प्रोग्राममध्ये काय बिघडतं ते लिहायचे, हे मला फार आवडतं). तीच पद्धत आजही चालू आहे. फाइलींची यादी दाखवणाऱ्या ‘एलएस’ कमांडचं मॅन पेज बघा, ऑप्शन ए-बी-सी-डी क्रमाने लावलेत, रोज लागणारं आणि जन्मात न लागणारं शेजारी शेजारी, उदाहरण एकही नाही, आणि शेवटी म्हणतं पूर्ण माहिती दुसरीकडे आहे!

यावर इलाज म्हणून २०१३ पासून टीएलडीआर नावाचा प्रकल्प चालू आहे, एका कमांडला जास्तीत जास्त आठ उदाहरणं, बाकी पाल्हाळ नाही. भाच्याला ते तुमच्या लॅपटॉपवर इन्स्टॉल करून द्यायला सांगा.

पण काका, ही पानं सुधारायला तुमच्यासारखा अडकलेला माणूसच लागतो. मला जाऊन वीस वर्षं झाली त्या वाटेवरून, मी कुठे ठेचकाळले होते तेही आठवत नाही. तुम्हाला परवाचंच आठवतंय. तर काय करायचं होतं, काय टाइप केलंत, स्क्रीनवर जसंच्या तसं काय आलं, आणि शेवटी कशाने सुटलं हे उबंटूच्या व्हर्जन नंबरासकट लिहून काढा. पुष्कळ मॅन पेजच्या तळाशी चूक कुठे कळवायची ते दिलेलं असतं, आणि न कळणारं वाक्य हीसुद्धा कळवण्यासारखीच चूक. नुसतं ‘काही समजत नाही’ लिहिलंत तर कोणी ढुंकून बघणार नाही, पण ‘टर्मिनल याच फोल्डरात असेल तर आधी सीडी करा, ही एक ओळ इथे घाला’ असं सुचवलंत तर समोरच्याला दोन मिनिटांचं काम. इंग्रजी भाच्याकडून करून घ्या, लोकलमधून उतरल्यावर.

प्रश्न: मी गिरगावात राहते, एसवायला आहे. मला अशी मदतीची पानं मराठीत आणायचीत. फाइलला संचिका म्हणू की धारिका?

उत्तर: फाइलच म्हण गं बाई! तुझी आजीसुद्धा फाइलच म्हणते. बटणावर जो शब्द दिसतो तोच पानात ठेव, नाहीतर माणूस स्क्रीनवर ‘जतन करा’ शोधत बसतो आणि तिथे असतं ‘सेव्ह’. सगळं मॅन्युअल अंगावर घेऊ नकोस, पेनड्राइव्ह, प्रिंटर, मराठी टायपिंग, एवढ्यापासून सुरू कर. आणि वर्किंग डिरेक्टरीचं ‘कार्यरत निर्देशिका’ करून ठेवलंस तर विक्रोळीचे काका मला पुन्हा पत्र पाठवतील, ते उत्तर मग तू द्यायचं.