वाचकांचे प्रश्न: मुलीला डान्सला घालायचंय, पण कुठल्या क्लासला?

प्रश्न: ताई नमस्कार. माझी मुलगी जूनमध्ये साडेसहा वर्षांची होईल. गाणं लागलं की नाचतेच, त्यामुळे सगळे म्हणतात हिला डान्सला घाल. आम्ही नाशिकला इंदिरानगरला राहतो. घराजवळ सोसायटीच्या हॉलमध्ये भरतनाट्यमचा छोटा क्लास आहे. गंगापूर रोडला कथकचा एक मोठा नावाजलेला क्लास आहे, त्यांचं गॅदरिंग कालिदास नाट्यगृहात बघितलं, डोळ्यांचं पारणं फिटलं, पण फी जवळजवळ दुप्पट आणि जाऊन-येऊन तास मोडतो. तिसरा बॉलिवूड डान्सचा, तिथे तिच्या मैत्रिणी जातात. मला स्वतःला यातलं काहीच कळत नाही. कथक की भरतनाट्यम, आणि चांगला क्लास ओळखायचा कसा? — एक आई, नाशिक

उत्तर: कथक की भरतनाट्यम हे आत्ता बाजूलाच ठेवा. साडेसहाव्या वर्षी दोन्हीकडे शिकायचं ते साधारण एकच असतं, ताल ऐकायचा, सरळ उभं राहायचं, हात-पाय-नजर एका वेळी सांभाळायची. शिकवणारी बाई कशी आहे यावर सगळं ठरतं. आणि घरात कोणी म्हणालंच की भरतनाट्यम आपलं नाही, तर त्यांना सांगा की तंजावरच्या सरफोजीराजांनी या नाचासाठी मराठीत निरूपणं, म्हणजे नाचायच्या गीतरचना, रचली होती आणि नृत्यगुरू आचार्य पार्वतीकुमारांनी आपल्या काळात ती पुन्हा अभ्यासून रंगमंचावर आणली. कथकचं तर रोहिणीताई भाटे यांनी १९४७ साली पुण्यात नृत्यभारती ही संस्था सुरू केली तेव्हापासून मराठी घरांमध्ये बस्तान बसलेलं आहे. दोन्ही आपलीच आहेत.

आता क्लास. गॅदरिंग बघून क्लास ठरवू नका असं मी प्रत्येक आईला सांगते. स्टेजवर दिसतो तो कित्येक महिने घोटलेला एकच नाच, पुढच्या रांगेत मोठ्या मुली, लाइट, ड्रेस, मेकअप. त्यातून तुमच्या मुलीला पहिल्या वर्षी कोण शिकवणार, कसं शिकवणार हे काही म्हणजे काही कळत नाही. त्यापेक्षा एखाद्या साध्या मंगळवारी अगदी नवीन मुलींच्या बॅचला जाऊन कोपऱ्यात तासभर बसा. रोज पालक बसलेले चालणार नाहीत असं टीचर म्हणाल्या तर ते बरोबरच आहे, आई समोर असली की मुलं आईकडेच बघतात, पण प्रवेशाआधी एकदासुद्धा बसू देत नसतील तर तिथे घालायची घाई करू नका.

बसल्यावर बघायचं काय ते सांगते, त्यासाठी नाचातलं कळायची गरज नाही. कथकच्या वर्गात पहिल्यांदा तत्कार, म्हणजे बोलांवर पाय टाकणं, शिकवतात, ता थेई थेई तत, आ थेई थेई तत. पहिले चार उजवा-डावा-उजवा-डावा आणि नंतरचे चार डाव्यापासून सुरू, म्हणजे 'तत'ला डावा पडला की लगेच 'आ'ला पुन्हा डावाच. लहान मुलं हमखास तिथे अडखळतात, पाय आपोआप उजवा उचलला जातो. आता टीचर काय करतात ते बघा. चांगली टीचर तिथे थांबते, लय कमी करते, पाय बाजूला ठेवून मुलीकडून हाताने टाळी देत नुसते बोल म्हणून घेते आणि मग परत पायांवर येते. दुसरी ओरडते, किंवा चुकलेलं तसंच पुढे रेटते कारण पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे. एवढ्या एका गोष्टीवरून मला क्लास कळतो.

भरतनाट्यमला हेच अरमंडीत बघायचं. गुडघे बाहेर उघडून अर्धं बसतात ना, ते. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेने उघडला पाहिजे, तो आत पडत असेल आणि पाठ पुढे वाकत असेल तर टीचरने म्हटलं पाहिजे की बाळा, थोडं कमी बस पण नीट बस. खांदे दाबून अजून खाली, अजून खाली करणाऱ्यांकडे सहा वर्षांचं मूल देऊ नका, गुडघे आयुष्यभर वापरायचेत.

गुडघ्यांवरून फरशी आठवली. काँक्रीटवरच्या ग्रॅनाइटवर किंवा टाइल्सवर रोज पाय आपटून नडग्या आणि टाचा दुखतात. लाकडी फ्लोअर उत्तम, पण आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी असतो हे मला माहितीये, सोसायटीच्या हॉलमध्ये तर नसणारच. मग निदान आधी वॉर्मअप घेतात का, मधे बसू देतात का आणि दुखतंय म्हटल्यावर ऐकून घेतात का, एवढं तरी बघा. पहिल्याच आठवड्यात शंभर-शंभर घुंगरू घ्यायला लावत असतील तर विचारा का म्हणून. आधी पाय नीट पडायला लागू दे, मग थोडे घुंगरू, मग वाढवत न्यायचे.

टीचरना प्रश्न विचारायला लाजू नका. तुम्ही कुणाकडे शिकलात, अजून शिकता का, माझ्या मुलीला आठवड्यात तुम्ही स्वतः शिकवणार की सीनियर मुली? मोठ्या क्लासमध्ये नवीन बॅच बहुतेक वेळा सीनियर मुलींकडे असते, त्यात वाईट काही नाही, कधी कधी त्या फार प्रेमाने शिकवतात, पण गुरूंची नजर किती वेळा पडते हे माहिती असलं पाहिजे कारण दुप्पट फी तुम्ही त्या नजरेची देताय. फीबरोबर बाकीचंही एकदमच विचारून घ्या, गॅदरिंगचा ड्रेस, मेकअप, तबलजी, व्हिडिओ, परीक्षा फी. हे आधी न सांगता डिसेंबरमध्ये एकदम पाच-सहा हजार मागितले की वाद होतात, आणि नंतर अरंगेत्रमपर्यंत, म्हणजे भरतनाट्यमच्या पहिल्या एकट्याच्या पूर्ण कार्यक्रमापर्यंत, गेलात तर तो खर्च लाखात जाऊ शकतो.

परीक्षांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत-नृत्याच्या परीक्षा चांगल्या आहेत, प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा करत विशारद-अलंकारपर्यंत जाता येतं, शिस्त लागते, दहावीला वाढीव गुणांसाठीही उपयोग होतो. पण वर्षातून दोनदा परीक्षा असतात म्हणून प्रत्येक सेशनला मुलगी बसलीच पाहिजे असं अजिबात नाही. 'आमच्याकडे सात वर्षांत विशारद' असं ऐकलं की मला काळजी वाटते. पाठ केलेला तोडा, म्हणजे बांधलेला छोटा तुकडा, परीक्षकासमोर नाचून येईल हो, पण मधूनच कुणी म्हटलं 'हाच दुगुनीत, दुप्पट लयीत म्हण' तर?

एक गोष्ट मात्र सगळ्यात आधी. क्लासचं दार उघडं असतं का, मुलींना कपडे बदलायला वेगळी जागा आहे का, शरीराला हात लावून पोश्चर दुरुस्त करताना मुलीला आधी सांगतात का. आणि कोणाच्याही वजनावरून, रंगावरून सगळ्यांसमोर बोलत असतील तर कितीही मोठं नाव असू दे, उठून यायचं.

बॉलिवूड क्लासला मी नावं ठेवणार नाही. मैत्रिणी आहेत, घाम निघतो, मूल खूश असतं, हे कमी नाही. तिला तेच हवं असेल तर एक वर्ष तिथेच जाऊ दे, फक्त गाणी आणि हावभाव तिच्या वयाचे आहेत ना हे बघा.

तुमच्या जागी मी असते तर आधी घराजवळच्या छोट्या क्लासमध्ये जाऊन बसले असते, आणि टीचर पटल्या तर तिथेच घातलं असतं. आठवड्यातून दोनदा, तेही पावसाळ्यात, शाळेतून दमून आलेल्या मुलीला गंगापूर रोडला न्यायचं म्हणजे दिवाळीपर्यंत तिचाही उत्साह संपतो आणि तुमचाही. चार-पाच वर्षांनी तिची ओढ टिकली तर मोठ्या गुरूंकडे जाता येईलच, पाया नीट असेल तर ते आनंदाने घेतात. फक्त जाताना आधीच्या टीचरना सांगून, नमस्कार करून जायचं.

प्रश्न: माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला कथक शिकायचंय. सासरे म्हणतात पोराला बायकी करू नका. काय सांगू? — वाचक, सातारा

उत्तर: मामंजींना कथक नर्तक बिरजू महाराजांचा एखादा व्हिडिओ लावून द्या आणि शेजारी बसून बघा. त्यांच्या लखनौ घराण्यात कालका-बिंदादीन, अच्छन महाराज, लच्छू महाराज, शंभू महाराज, सगळे पुरुषच. भरतनाट्यम शिकवणारे नट्टुवनारही पिढ्यानपिढ्या पुरुष होते. ज्याला ताल कळतो त्याचा नाच, एवढंच. तुमचं काम वेगळं आहे, असा क्लास शोधा जिथे आणखी एक-दोन तरी मुलगे आहेत, किंवा निदान टीचरना मुलाला शिकवायची सवय आहे. वीस मुलींमध्ये एकटा मुलगा, त्यात दर गॅदरिंगला त्यालाच कृष्ण करून मधे उभं करायचं आणि बाकी शिकवणं शून्य, असं होताना मी बघते आणि फार वाईट वाटतं. त्याला तत्कार तेवढाच घोटून घ्या जेवढा मुलींकडून घेतात. आणि शाळेत चिडवलं तर ते हसण्यावारी नेऊ नका, वर्गशिक्षिकेशी बोला.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीला असतो, पुण्यातल्या एका ताईंकडे मुलगी ऑनलाइन कथक शिकते. त्या म्हणतात ती लयीत मागे पडते, पण इथे समोर बघून मला तर ती बरोबर वाटते. — वाचक, न्यू जर्सी

उत्तर: तुम्ही दोघी बरोबर आहात. ताईंचा ठेका तुमच्याकडे थोडा उशिरा पोचतो, मुलगी त्यावर नाचते आणि तो नाच ताईंकडे परत उशिरा पोचतो. त्यामुळे ताईंच्या ठेक्यावर नाचायचंच नाही. तबला आणि लेहरा (तालाबरोबर सतत वाजणारी धून) देणारं अ‍ॅप तुमच्या खोलीत लावा, मुलीने त्यावर नाचायचं आणि ताईंनी फक्त बघायचं-ऐकायचं, म्हणजे आवाज आणि पाय साधारण एकाच वेळी पोचतील. फोन पाय दिसतील असा लांब ठेवा, ऑनलाइनमध्ये सगळ्यांचे चेहरे दिसतात आणि पाय कापले जातात. दर आठवड्याला एक रेकॉर्डिंग करून पाठवलंत तर ताईंना सवडीने चुका काढता येतील. आणि उन्हाळ्यात पुण्याला येणार असाल तर तिकीट काढायच्या आधी ताईंच्या बॅचच्या तारखा विचारून घ्या, दोन आठवडे समोर बसून शिकली की बरंच काही एकदम सुटतं.