एकरकमी नऊ लाख घेऊन मोकळं व्हावं का?

गोव्यातल्या डिचोलीच्या एका ताईंचं पत्र आहे. मारहाणीच्या संसारातून सुटून घटस्फोट झाला, सात वर्षांची मुलगी त्यांच्याकडे. कोर्टाने मुलीसाठी महिना १२,००० ठरवले, पण ‘आधी पोरीला फोनवर दे, मग टाकतो’ हे आधीच्या नवऱ्याचं दर महिन्याचं. आता तो म्हणतो, एकरकमी ९ लाख घे नि विषय संपव. नाहीतर मुलीच्या खर्चाला जॉइंट खातं काढू.

ताई, जॉइंट खात्याला सरळ नाही म्हणा. स्टेटमेंटात नुसती रक्कम नसते. कुठल्या फार्मसीत, कुठल्या पेट्रोल पंपावर यूपीआय केलंत, सगळं त्याला घरबसल्या कळेल.

आता ९ लाख. सात टक्के व्याज धरून महिना १२,००० काढत गेलात, तर सव्वाआठ वर्षांत खडखडाट. मुलगी तेव्हा दहावीत, म्हणजे खरा खर्च सुरू व्हायच्या तोंडावर. अठरा पूर्ण होईपर्यंत पुरायला आज ११ लाख लागतात, तेही महागाई न धरता.

तरी महिन्याच्या रकमेलाच चिकटून राहा, असं मी म्हणणार नाही. ही फोनाफोनी थांबण्यालाही किंमत आहे. तो दहाच्या वर आला आणि शाळेची फी त्याने थेट शाळेत भरायची हे कोर्टाच्या आदेशात उतरलं, तर घ्या. नऊवर मात्र नको. ‘यापुढे काही मागणार नाही’ असंही लिहून देऊ नका. पोटगीचा हक्क मुलीचा आहे, तो सोडून द्यायला तुमचा नाही.

त्याआधी एक तपासा. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक, निम्मी-निम्मी. तुमची वाटणी झाली का, हे पत्रात कुठेच नाही. झाली नसेल, तर हे ९ लाख तुमच्याच अर्ध्यातले असायचे, मुलीच्या नावाने तुम्हालाच परत! वाटणी नि पोटगी यांचे कागद वेगळे ठेवायला वकिलांना सांगा.

पैसे आले की त्यातला मोठा भाग तुमच्या एकटीच्या नावावर, वेगवेगळ्या मुदतीच्या एफडींत ठेवा. सुकन्या समृद्धीत वर्षाला दीड लाखच भरता येतात, आणि दहावी किंवा अठरा वर्षं होईपर्यंत शिक्षणासाठीही ते निघत नाहीत. तिथे थोडेच.

जुन्या विम्यावर नि पीएफवर नॉमिनी अजून तोच आहे का, हे याच आठवड्यात बघा. विम्यावर मुलीचं नाव घातलंत, तर ती सज्ञान होईपर्यंत पैसे कोणी घ्यायचे तेही लिहावं लागतं. तिथे तुमच्या आईचं किंवा भावाचं नाव द्या.