वाचकांचे प्रश्न : शहरालगतची सोपी निसर्गभटकंती

प्रश्न : आम्ही घरचे पाच जण, त्यांत दोन मुले आणि सत्तरी ओलांडलेली आई, शहराबाहेरच्या जंगलवाटेने सहा किलोमीटरची फेरी मारायला गेलो. ताशी पाच किलोमीटर चालून होतात असे वाचले होते, म्हणून सव्वा तासाचा हिशेब धरला. प्रत्यक्षात पावणेतीन तास लागले आणि शेवटचा टप्पा अंधारात संपवावा लागला. आमचे चुकले कुठे?

उत्तर : चालण्यात काहीच चुकले नाही, चुकला तो हिशेब. आपण वाचलेला नियम विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली मांडला. तीन मैलांना, म्हणजे जवळपास पाच किलोमीटरना, एक तास आणि दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास, असे त्याचे साधे गणित आहे. ते धडधाकट प्रौढ माणसाचे, बऱ्यापैकी वाटेवरचे आणि न थांबता चालण्याचे आहे. बेडूक दिसला की उकिडवी बसणारी मुले त्यात धरलेली नाहीत. मुले आणि वडीलधारी मंडळी सोबत असतील तर माझा स्वतःचा अंदाज ताशी दोन ते अडीच किलोमीटरचा असतो. त्या मापाने आपली फेरी अगदी वेळेवर झाली म्हणायची.

सपाट जंगलवाटही फसवी असते, कारण नकाशावर चढ दिसत नसला तरी तिथे जवळजवळ प्रत्येक पाऊल वेगळ्या उंचीवर पडते. पालापाचोळ्याखाली खळगा आहे की दगड हे वरून कळत नाही आणि वाटेत आडवी आलेली, साल झिजलेली मुळे पावसानंतर साबणासारखी निसरडी होतात. मुळावर पाय देण्यापेक्षा ते ओलांडून पलीकडे पाय टाकावा, ही सवय मुलांना पहिल्याच फेरीत लावता येते. आईंच्या हातात काठी असावी, ती चढापेक्षा उतारासाठी अधिक, कारण उतरताना गुडघ्यांवर जास्त भार येतो. सर्वांत हळू चालणाऱ्या व्यक्तीला पुढे ठेवावे. ती मागे राहिली की बाकीचे थांबून दम खातात आणि ती पोहोचताच निघतात, म्हणजे जिला विश्रांतीची खरी गरज असते तिच्याच वाट्याला ती येत नाही. अंधाराचे म्हणाल तर दाट झाडीखाली उजेड मोकळ्या जागेपेक्षा बराच आधी मावळतो. म्हणून सूर्यास्ताला तासभर बाकी असताना जंगलाबाहेर पडता येईल अशा बेताने निघावे.

प्रश्न : पाणथळ जागेतल्या लाकडी फळ्यांच्या वाटेवरून फोटोसाठी चार पावले बाजूला उतरलो. जमीन कोरडी दिसत होती, तरी पाय गुडघ्यापर्यंत रुतला. सोबतचे गृहस्थ मदत करण्याऐवजी माझ्यावरच रागावले. चार पावलांनी असे काय बिघडते?

उत्तर : त्या गृहस्थांनी आधी आपल्याला बाहेर काढून मग रागवायला हवे होते, पण त्यांचा राग अनाठायी नव्हता. पाणी दिसते तेवढीच पाणथळ जागा, असा आपला सर्वांचा समज असतो. 2 फेब्रुवारी 1971 रोजी इराणमधील रामसर येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराची व्याख्या याहून फार मोठी आहे : पाणी कायमचे असो वा तात्पुरते, साचलेले असो वा वाहते, गोडे असो वा खारे, अशा साऱ्या दलदली तिच्यात येतात, समुद्राचे ओहोटीच्या वेळी सहा मीटरपेक्षा खोल नसलेले पाणीही येते. आपला पाय रुतला ती कोरडी दिसणारी जमीनही याच कुळातली.

तिच्या पोटात काय चालते ते पाहिले की चार पावलांचा अर्थ लागतो. पाण्याने भरलेल्या मातीत हवा शिरत नाही आणि हवेविना मेलेली झाडेझुडपे नीट कुजत नाहीत. ती थरावर थर साचत जातात, त्यांतून पीट नावाची काळपट, स्पंजासारखी माती बनते आणि तिची जाडी वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढते. गुडघ्याएवढा खोल खड्डा म्हणजे कित्येक शतकांची साठवण तुडवणे होय. शिवाय दबलेल्या ठशात पाणी साचते, मागून येणारा ते टाळण्यासाठी आणखी बाजूने जातो आणि एका हंगामात हातभर रुंदीच्या वाटेचा बैलगाडीएवढा राडा होतो. काठच्या गवतात अनेक पक्षी थेट जमिनीवर अंडी घालतात. ती मातीच्या रंगाची असल्याने पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. एखादा पक्षी पंख मोडल्यासारखा फरफटत आपल्यापुढे चालू लागला, तर तो बहुधा जखमी नसून आपल्याला पिलांपासून दूर नेत असतो. अशा वेळी मदतीला धावण्यापेक्षा आल्या वाटेने मागे फिरावे.

आणि पुन्हा पाय रुतलाच तर तो हिसका देऊन सरळ वर ओढू नये. तळव्याखाली पोकळी तयार होते आणि चिखल उलट घट्ट धरतो. अंग मागे टेकल्यासारखे करून भार पसरावा, पाय सावकाश हलवत बाजूने पाणी आत शिरू द्यावे आणि सैल झाल्यावर तिरका काढावा. बूट आत राहिला तर हात घालून काढता येतो; फक्त घाई नको.

प्रश्न : जंगल आवडते, तळ्याकाठी पक्षी दिसतात, पण कुरणातून जाणारा वाटेचा भाग मला कंटाळवाणा वाटतो. नुसते गवत! तिथे पाहायचे तरी काय?

उत्तर : चालत राहिलात तर खरेच काही दिसणार नाही. कुरण बसून पाहायचे असते आणि या बाबतीत मी जरा हट्टी आहे. सकाळी दव असताना वाटेच्या कडेला पंधरा मिनिटे बसून फक्त हातभर जागेकडे पाहा. एरवी न दिसणारी कोळ्यांची जाळी दवाच्या थेंबांनी उठून दिसतात. एखाद्या काडीवर थुंकीसारखा फेस दिसेल. गवताच्या टोकाने तो हलकेच बाजूला केला की आत फिकट हिरवे, उंदराच्या डोळ्याएवढे पिल्लू सापडते. एका उडणाऱ्या तुडतुड्याच्या जातभाईचे ते बाळ झाडाचा रस पिते आणि उरलेल्या पाण्यात हवा मिसळून हे घर फुगवते. ते पाहून झाले की फेस पुन्हा सारखा करण्याची गरज नाही. तो ते स्वतःच भरून काढते.

गवताचेही एक गुपित आहे. झाडाची वाढ शेंड्याला होते, तर गवताची जमिनीलगत. म्हणून चरले किंवा कापले तरी गवत पुन्हा उगवते, पण झुडपाचे रोप मात्र मार खाते. चराई आणि कापणी दोन्ही थांबली की बहुतेक कुरणांत काही वर्षांत झुडपे शिरतात. आपल्याला नुसते वाटणारे गवत टिकवण्यासाठी कुणीतरी सतत राबत असते, हे एकदा लक्षात आले की कापणीच्या पट्ट्यांकडेही पाहावेसे वाटते. दुर्बीण घेणार असाल तर 8×42 ची पुरे. पहिला आकडा किती पट मोठे दिसेल त्याचा आणि दुसरा पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरमधील व्यासाचा. याहून जास्त पटीची दुर्बीण हातात थरथरते.

प्रश्न : छोट्या जंगलात वाट चुकली तर नाकासमोर सरळ चालत राहावे, कुठेतरी रस्ता लागतोच, असे मित्र म्हणतो. हे बरोबर आहे का?

उत्तर : सरळ चालता आले तर. 2009 साली यान सौमान आणि सहकाऱ्यांनी माणसांना जर्मनीतील जंगलात आणि ट्युनिशियातील वाळवंटात सरळ चालायला सांगून त्यांचा माग उपग्रहयंत्रणेने नोंदवला. जंगलात ढगांमुळे सूर्य दिसेनासा झाला तेव्हा माणसे वर्तुळात फिरली आणि आपण सरळच चाललो आहोत अशी त्यांची खात्री होती. म्हणून थांबावे आणि ओळखीच्या शेवटच्या फाट्यापर्यंत परत यावे. जाताना प्रत्येक फाट्यावर एकदा वळून मागे पाहिले तर हे सोपे जाते, कारण तीच वाट उलट्या दिशेने अनोळखी दिसते. नकाशा फोनमध्ये घरूनच उतरवून घ्यावा.

प्रश्न : गवतातून फिरून आल्यावर मांडीला गोचीड चिकटलेली आढळली. तेल लावावे की चटका द्यावा?

उत्तर : दोन्ही नको. बारीक टोकाच्या चिमट्याने ती कातडीच्या अगदी लगत धरावी, न पिळता सावकाश सरळ वर ओढावी आणि जागा साबणाने धुवावी. चावल्याची तारीख लिहून ठेवावी. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी पसरत जाणारा लाल चट्टा उठला किंवा ताप आला, तर ती तारीख घेऊनच डॉक्टरांकडे जावे.